उपवासाची वडी आणि आहारशुद्धीचा प्रश्न

उपवासाला चॉकलेटची वडी चालते का, हा प्रश्न पुण्याच्या शनिवार पेठेत अजूनही मनापासून विचारला जातो. या पेठेत उपवासाचे दिवस पुष्कळ. पहिल्या बाजीरावाच्या काळात, १७३० च्या दशकात मुठेकाठी उभ्या राहिलेल्या ओंकारेश्वरात श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला दर्शनाची रांग लागते. वीर मारुतीला शनिवार धरणारे आहेत, चतुर्थी पाळणारे आहेत, आणि एकादशी तर घराघरातली. दुकानात राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की आणि चॉकलेटचे बार जवळजवळच मांडलेले असतात. पहिल्या दोन वस्तू उपवासाच्या मानल्या जातात, तिसरीवर घरोघरी मतभेद होतो. हा वाद वरवर किरकोळ दिसतो. पण त्याच्या तळाशी भारतीय विचारातला एक जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. अन्नाची शुद्धी कशात पाहायची: ते कशाचे बनले आहे यात, किती खाल्ले यात, की कशासाठी खाल्ले यात?

आधी या वड्यांत काय असते ते पाहावे. दूध घातलेल्या साध्या चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५३० ते ५४० किलोकॅलरी ऊर्जा असते. त्यात निम्म्याहून अधिक वजन साखरेचे, साधारण ३० ग्रॅम स्निग्धांश आणि ७-८ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ५० ग्रॅमची एक वडी खाल्ली की २६० हून अधिक किलोकॅलरी आणि सुमारे २७ ग्रॅम साखर पोटात जाते. शेंगदाणे आणि गूळ समभाग घेऊन केलेल्या चिक्कीचा हिशेब घरीही मांडता येतो. १०० ग्रॅम शेंगदाण्यात ५६५ च्या आसपास किलोकॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने, १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास किलोकॅलरी आणि बहुतांश साखरच. त्यामुळे चिक्कीच्या ५० ग्रॅममध्ये २३५ किलोकॅलरी, ६ ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅमहून थोडी अधिक साखर येते. राजगिऱ्याची वडी फुललेल्या दाण्यांमुळे आकाराने मोठी आणि हलकी दिसते. तेवढ्याच वजनात तिच्यात १९० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा भरते, प्रथिने चिक्कीपेक्षा कमी आणि साखर जवळपास तेवढीच. गुळात लोह आणि इतर खनिजे थोडी असतात हे खरे, पण शरीराच्या हिशेबात गूळ ही साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्य तर ५ टक्क्यांच्या. २००० किलोकॅलरीच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि शक्य तर २५. एक चॉकलेटची वडी दुसरी मर्यादा एकटीच ओलांडते आणि उपवासाची वडी तिच्या अगदी जवळ पोहोचते.

घरातला उपवासाचा नियम मात्र या आकड्यांकडे पाहत नाही. तो पाहतो धान्याकडे. गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी वर्ज्य. कंद, फळे, दूध, वरई, राजगिरा, शेंगदाणे चालतात. या नियमाने साध्या चॉकलेटच्या वडीत आक्षेप घेण्यासारखे काही सापडत नाही. साखर, दुधाची पावडर, कोको आणि कोकोची चरबी यांत धान्य कुठेच नाही. हाच कोको वेफरवर चढवला की वडी बाद होते, कारण वेफर मैद्याचा. दोन वड्यांतली साखर तेवढीच असली तरी एक उपवासाची आणि दुसरी उपवास मोडणारी ठरते. नियम आपल्या जागी सुसंगत आहे, फक्त त्याची नजर एकाच गोष्टीवर खिळलेली आहे.

आणि ती नजरही वाटते तितकी जुनी नाही. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. समुद्रमार्गाने युरोपीय व्यापार सुरू झाल्यानंतर ते इकडे आले आणि काही पिढ्यांत उपवासाच्या ताटात स्थिरावले. आज महाराष्ट्रात शिजणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूच्या सेलम भागातून येतो. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिने नावापुरती. स्मृतिकारांनी यांपैकी एकही पदार्थ पाहिलेला नव्हता. कंद म्हणून, फळ म्हणून, धान्य नव्हे म्हणून लोकांनी ते आपल्या बुद्धीने स्वीकारले. त्यामुळे कोको परदेशी आहे हे कारण चॉकलेट नाकारायला पुरत नाही.

राजगिऱ्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. दाण्यासाठी पिकवला जाणारा राजगिराही मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातला. स्पॅनिश आक्रमणापूर्वी तिथले लोक राजगिऱ्याचे पीठ मधासारख्या गोड रसात मळून देवांच्या मूर्ती घडवत, पूजा करत आणि मग त्या मूर्तीचे तुकडे वाटून खात. बर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात या विधींची तपशीलवार नोंद केली आहे. ख्रिस्ती प्रसादविधीची ही विटंबना आहे असे मानून नव्या राज्यकर्त्यांनी ते विधी दडपले. तरीही फुललेला राजगिरा आणि काकवीसारखा पाक यांची ‘आलेग्रिआ’ नावाची वडी मेक्सिकोत आजही विकली जाते, आणि ती पुण्यातल्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ठेवली तर फरक ओळखणे कठीण जाईल. एकाच दाण्याला पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन समाजांनी देवाच्या दारात जागा दिली. पावित्र्य दाण्यात आधीपासून साठवलेले नसते, माणसे ते त्याला देतात, एवढे यातून नक्कीच दिसते.

युरोपातही हा वाद झाला, तोही चॉकलेटवरूनच. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी असे मत दिले होते की पचनासाठी घेतलेले साखरेतले मसाले उपवास मोडत नाहीत, कारण ते पोट भरण्यासाठी खाल्लेले नसतात. मात्र कपटाने भरपूर खाल्ले तर गोष्ट वेगळी. पुढे अमेरिकेतून चॉकलेट आले आणि प्रश्न पेटला. आंतोनिओ दे लेओन पिनेलो यांनी १६३६ मध्ये माद्रिदमध्ये केवळ या एका प्रश्नावर, म्हणजे चॉकलेटने चर्चचा उपवास मोडतो का यावर, ग्रंथ प्रसिद्ध केला. १६६० च्या दशकात कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी निवाडा केला की ते पेय आहे आणि पेयाने उपवास मोडत नाही. तेव्हा चॉकलेट प्यायले जात असे, म्हणून ही पळवाट उपलब्ध होती. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने साच्यातून काढलेली, चावून खाण्याची वडी बाजारात आणली आणि पेयाचा युक्तिवाद निकामी झाला. विशेष म्हणजे फ्राय, कॅडबरी आणि राउंट्री ही इंग्लंडमधली तिन्ही घराणी क्वेकर पंथाची. दारूला पर्याय म्हणून कोकोचे पेय त्यांना नैतिक दृष्ट्या इष्ट वाटत होते. संयमाच्या हेतूने वाढलेल्या धंद्यातून असंयमाची सर्वांत सोपी वस्तू जन्माला आली.

आता आपल्या ग्रंथांकडे वळावे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये पूर्ण केलेला ‘धर्मसिंधु’ महाराष्ट्रात व्रतांच्या बाबतीत आजही प्रमाण मानला जातो. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांच्या सगळ्या परंपरेची छाननी केली आहे. या परंपरेत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. घरातली ‘चालते’ची यादी याच्या पहिल्या अर्ध्या भागातून वाढलेली दिसते. पण त्याच परंपरेत उपवास म्हणजे काय हेही सांगितले आहे, आणि तिथे पदार्थांची यादी नाही. पापापासून मागे फिरणे, सद्गुणांच्या सहवासात राहणे आणि सर्व भोग टाकणे, याला तिथे उपवास म्हटले आहे. आठ गोष्टींची सवलत या व्याख्येच्या पोटात बसते, तिच्या बाहेर नाही. पाणी आणि मुळे व्रत मोडत नाहीत, कारण ती भोगासाठी घेतलेली नसतात. सवलत तेवढी उचलून व्याख्या विसरली, की ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण जन्माला येते. मराठी समाजाने ती स्वतःविषयीच केली आहे आणि तिच्यातले निरीक्षण अचूक आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायातले आहाराचे तीन प्रकार या चर्चेत नेहमी पुढे केले जातात, बहुधा घाईने. सात्त्विक आहार रसाळ, स्निग्ध, टिकाऊ, मनाला रुचणारा. राजस आहार कडू, आंबट, खारट, फार उष्ण, तिखट, कोरडा, जळजळ करणारा. या दुसऱ्या यादीत गोड नाही. तेव्हा शब्दाला शब्द लावून पाहिले तर चॉकलेट राजस ठरत नाही, उलट रसाळ आणि स्निग्ध म्हणून सात्त्विकातच शिरेल. मिठाईला निर्धास्तपणे सात्त्विक म्हणणाऱ्यांचा आधार हाच असतो. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. या श्लोकांत चव जशी सांगितली आहे तसा परिणामही सांगितला आहे: सात्त्विक आहार आयुष्य, बल, आरोग्य वाढवणारा, राजस आहार दुःख आणि रोग देणारा. शिवाय शंकराचार्य आपल्या भाष्यात स्पष्ट करतात की ‘अति’ हा शब्द त्या यादीतल्या एकट्या उष्णाला नव्हे, प्रत्येक चवीला लावायचा. मग दोष चवीत नसून अतिरेकात आहे. गोडाचाही अतिरेक होतो आणि त्याचा परिणाम रोगात होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या आजाराचे एकमेव कारण साखर नाही, पण गोडाला परिणामाच्या कसोटीतून सूट द्यायला हा काळ योग्य नाही. अठराव्या अध्यायात सुखाचे जे वर्गीकरण आहे ते इथे अधिक नेमके लागू पडते. विषय आणि इंद्रिय यांच्या संयोगातून येणारे, आरंभी अमृतासारखे आणि शेवटी विषासारखे सुख तिथे राजस म्हटले आहे.

ज्ञानेश्वर महाराजांनी या सात्त्विक आहाराचे वर्णन करताना जी कसोटी दिली आहे, तिच्याइतकी स्वच्छ कसोटी आजच्या आहारशास्त्रालाही सुचवता येणार नाही. आकाराने लहान पण परिणामाने थोर, थोडे खाल्ले तरी अपार तृप्ती देणारे, आणि तोंडात जसे गोड तसेच आत गेल्यावरही गोड, असे ते अन्न. चॉकलेटची वडी पहिल्या पायरीवर या वर्णनाला फसवे साम्य दाखवते: लहान आकार, मोठी ऊर्जा. तृप्तीच्या पायरीवर मात्र ती घसरते. साखर आणि चरबी एकत्र आल्यावर जिभेला थांबावेसे वाटत नाही, चोथा जवळजवळ नसतो, प्रथिने थोडी, त्यामुळे भूक लवकर परत येते. शेंगदाण्याची चिक्की प्रथिने आणि चोथ्याच्या जोरावर थोडी अधिक टिकते. म्हणून ती सात्त्विक ठरली असे नाही. एका वडीवर थांबणाऱ्याच्या हातात ती त्या वर्णनाच्या जवळ जाते, एवढेच.

प्रमाणाचा विचार आयुर्वेदाने तर शास्त्र म्हणून मांडला. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराविषयी विचारात घ्यायच्या आठ बाबी दिल्या आहेत: द्रव्याचा स्वभाव, त्यावरचा संस्कार, संयोग, राशी, देश, काळ, खाण्याचे नियम आणि खाणारा. यातली राशी म्हणजे प्रमाण, आणि तिचे दोन भाग केले आहेत. एकूण अन्न किती हा एक हिशेब, आणि त्यातला प्रत्येक पदार्थ किती हा दुसरा. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर कायद्याने छापावा लागणारा तक्ता नेमका हाच दुहेरी हिशेब आहे. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे एकूण ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, स्निग्धांश, सोडियम यांचे आकडे द्यावे लागतात, आणि एका वाढणीत दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा येतो तेही सांगावे लागते. वडीच्या पुढच्या बाजूला ‘उपवासाची’ असे लिहिलेले असते आणि मागच्या बाजूला हा तक्ता असतो. शास्त्राचा आशय पुढच्या शब्दापेक्षा मागच्या तक्त्यात अधिक आहे.

तरीही तक्ता खाणाऱ्याविषयी काही सांगू शकत नाही, आणि चरकाच्या यादीत शेवटची बाब खाणारा हीच आहे. हा भाग छांदोग्य उपनिषदातल्या उषस्ती चाक्रायणाच्या कथेत उलगडतो. कुरुदेशात पीक उद्ध्वस्त झाले होते. उपाशी उषस्ती एका गावात आला. तिथे एक हत्तीवाला कुळीथासारखे हलके धान्य खात बसला होता. दुसरे काहीच नव्हते, म्हणून उषस्तीने त्याचे उष्टे मागून खाल्ले. हत्तीवाल्याने पाणीही पुढे केले, तेव्हा तो म्हणाला, हे उष्टे पाणी मी घेणार नाही. मग धान्य उष्टे नव्हते का? उषस्तीचे उत्तर असे की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवे तिथे मिळेल. ब्रह्मसूत्रांनी याच कथेच्या आधारे ठरवले की सर्व अन्नाची मुभा प्राणावर बेतले असेल तेव्हाच असते. एकाच माणसाच्या हातातल्या, एकाच घरातल्या, सारख्याच उष्ट्या दोन वस्तूंपैकी एक शुद्ध आणि एक अशुद्ध ठरली, ती केवळ गरज आणि इच्छा यांच्या सीमारेषेवर. उपवासाच्या दिवशी दुपारी हातात घेतलेली वडी या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे खाणाऱ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

याच उपनिषदात पुढे आहार शुद्ध असेल तर चित्त शुद्ध होते असे वचन येते आणि त्यावर आचार्यांचा मोठा मतभेद आहे. शंकराचार्यांच्या मते इथला आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सारे विषय, आणि त्यांची शुद्धी म्हणजे राग, द्वेष, मोह यांच्यापासून मुक्तता. या अर्थाने वडीचे चकचकीत वेष्टन आणि तिची जाहिरात हाही आहारच आहे, आणि वडी तोंडात जाण्याच्या आधी तो घेतला गेलेला असतो. रामानुजांच्या परंपरेने आहार म्हणजे अन्नच असे मानले आणि अन्नाचे तीन दोष सांगितले: पदार्थाच्या जातीचा, ज्याच्याकडून अन्न येते त्या आश्रयाचा, आणि केस, माती असे काही पडल्याने येणारा निमित्ताचा. वेष्टनावरचा चौकोनातला हिरवा ठिपका पहिल्या दोषाविषयी बोलतो. तारीख आणि परवाना तिसऱ्याविषयी. दुसऱ्याविषयी वेष्टन गप्प असते.

आश्रयदोषाचा इतिहास चांगला नाही. अन्न देणाऱ्याची जात पाहून त्याच्या हातचे नाकारण्यासाठी तो शतकानुशतके वापरला गेला, आणि त्या अर्थाने तो कायमचा टाकूनच द्यायला हवा. पण अन्न कोणाच्या कष्टातून आणि कोणत्या व्यवहारातून आले हा त्यातला प्रश्न उलट दिशेने विचारला तर आजच्या गोडाला तो फार खोल लागतो. जगातला निम्म्याहून अधिक कोको कोत द’इव्हॉर आणि घाना या दोन देशांत पिकतो. शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क या संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार तिथल्या कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरी करत होती. चिक्कीच्या गुळामागेही ऊसच आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमधल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, असे २०१९ मध्ये नेमलेल्या शासकीय समितीने नोंदवले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. इथे दोष कोयता धरणाऱ्या हाताचा नाही. त्या हाताला ही किंमत मोजायला लावणाऱ्या व्यवहाराचा आहे, आणि साखर किंवा गूळ खाणारा प्रत्येकजण त्या व्यवहारात आहे. कोथिंबीर उपवासाला चालते की नाही यावर जेवढी चर्चा होते, तिचा काही अंश जरी या प्रश्नाला मिळाला तर आहारशुद्धी हा शब्द पुन्हा अर्थपूर्ण होईल.

उरतो अपवादांचा भाग. एकादशीचा उपवास आठ वर्षांवरील आणि ऐंशीच्या आतल्या माणसांसाठी सांगितला आहे. मुले, वृद्ध, आजारी आणि गरोदर स्त्रिया यांना शास्त्राने कधी जखडून ठेवलेले नाही. देवळातला प्रसाद कणभर घेतला तरी पूर्ण मानला जातो, त्यामुळे मधुमेह्याला पेढा नाकारल्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर उपवासात एकदम खाली आली, हात थरथरू लागले, घाम सुटला, तर उलट गोड हेच औषध होते. अशा वेळी लगेच रक्तात उतरणारे सुमारे १५ ग्रॅम कर्बोदक द्यावे आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी असा वैद्यकाचा नियम आहे. औषध हे त्या आठ गोष्टींपैकी एक असल्याने व्रत मोडल्याचा प्रश्नच येत नाही. मात्र चॉकलेटची वडी इथेही उपयोगी नाही, कारण तिच्यातली चरबी साखर शोषली जाण्याचा वेग कमी करते. ग्लुकोजची पूड किंवा साखरेचे पाणी लवकर गुण देते.